थांब म्हणणारा माणूस

विद्याधर नगर, जयपूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे मजेत आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर काही पाठवलं तर भगवानकाका ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून म्हटलं, पत्रच लिहू. माझं मराठी हिंदी शाळेतलं आहे, तेव्हा हसू नकोस. मतलब, हस, पण पूर्ण वाच.

मी व्हिडिओ गेमच्या कंपनीत कथा लिहिते हे मम्मीने तुला सांगितलंच असेल. कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि आम्ही सहा जण. गेल्या वर्षी आम्ही भीतीचा एक गेम काढला, ‘ठकठक अंकल’. रेल्वे कॉलनी, सकाळचं दाट धुकं, आणि खेळणारा एक लहान मूल असतो. धुक्यात कुठेतरी रुळावर हातोडा वाजतो. तो आवाज आम्ही इथल्या विश्वकर्मा औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन खरा रेकॉर्ड केला. मग माकडटोपी घातलेला उंच माणूस येतो आणि म्हणतो, “थांब.” जो थांबला तो त्याच्या पिशवीत गेला. जो पळत राहिला तो वाचला. एवढाच गेम, पण लोक त्याच्यामागे वेडे झालेत.

आता आमच्या मालकांना, पवनजींना, दुसरा भाग हवाय. अंकल कोण होता, कुठून आला, असा का झाला. वीस डिसेंबरला त्याची झलक इंटरनेटवर टाकायची आहे आणि माझा कागद कोरा आहे.

खरं सांगू? हा माणूस मी बनवलाच नाही. तो माझ्या डोक्यात आधीपासून होता. आपण रेल्वे कॉलनीत राहायचो तेव्हा मम्मीची ड्यूटी असली की मी तुझ्याकडे जेवायला असायचे. संकल्पदादा जेवायचा नाही. तू त्याला भरवताना कोणाचं तरी नाव घ्यायचीस, आणि दारावर हातोडा वाजायचा. वाजायचा ना? की हे मी नंतर जोडलं? मम्मी म्हणते, आत्याला त्या दिवसांचं काही विचारू नकोस. मी दादाबद्दल नाही विचारत. फक्त त्या माणसाबद्दल विचारते. असा कोणी खरंच होता का?

तुझी
उत्कर्षा


भुसावळ
२४ नोव्हेंबर

चि. उत्कर्षा,

जयभीम. तुझं पत्र आलं तेव्हा तुझे काका अंघोळीला गेले होते, म्हणून माझ्या हाती पडलं. यापुढचं पत्र समोरच्या इंदुबाईंच्या पत्त्यावर टाक. पाकिटावर त्यांचंच नाव घाल. का ते विचारत बसू नकोस.

मराठी बरं आहे तुझं. ‘खेळणारा एक लहान मूल असतो’ वाचून मात्र चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एवढी शिकलीस आणि पोट कशावर भरतेस, तर दुसऱ्यांच्या पोरांना घाबरवण्यावर. आम्ही ते काम फुकट करायचो.

असा कोणी नव्हता गं. पोरं जेवत नाहीत तेव्हा सगळ्याच आया काहीबाही बोलतात. तुझी आई पोलिसाचं नाव घ्यायची. आला का कधी तो पोलीस? दारावर कोणीही वाजवत नव्हतं. तू तेव्हा सारखी आजारी असायचीस, आणि तापात पोरांना वाट्टेल ते ऐकू येतं.

एकच सांगते. तुझ्या त्या माणसाच्या तोंडचं ‘थांब’ काढून टाक. दुसरं काहीही म्हणू दे त्याला. आणि शेषरावचं नाव चुकूनही त्यात घालू नकोस. मेल्या माणसांची नावं खेळात घेऊ नयेत.

थंडी वाढली असेल तिकडे. कानाला बांधत जा.

तुझी आत्या
प्रभावती


विद्याधर नगर, जयपूर
३ डिसेंबर

प्रिय आत्या,

शेषराव कोण?

मी माझं पत्र टाकण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवते, चुका तपासायला. ते तीनदा वाचलं. त्यात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही.

मग मी आपल्या रेल्वे कॉलनीतल्या जुन्या मुलांना मोबाइलवर विचारलं. आता सगळे चाळिशीला टेकलेत, पण नाव काढताच एका तासात चौदा जणांनी उत्तर दिलं. शेषराव वाकोडे. रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या तपासत, सैल झालेल्या ठोकत, हातोडा घेऊन रोज मैलोन्‌मैल चालणारा कीमन. उंच, माकडटोपी, एकटा राहायचा. सगळी मुलं त्याला बघून पळायची. आणि त्या जानेवारीत तो धुक्यातून संकल्पदादाच्या मागे धावला, आणि दादा मालगाडीखाली गेला. एकीने तर लिहिलंय की त्याच्या हातात तेव्हाही हातोडा होता.

पंचवीस वर्षं मला घरात एवढंच सांगितलं गेलं की दादा गाडीखाली गेला. मीसुद्धा त्याच्याबरोबर होते म्हणतात. मला धुकं आठवतं आणि ‘थांब’ आठवतं. बस. मला वाटायचं मी फार हुशार आहे, काय जबरदस्त खलनायक शोधून काढलाय! आणि तो तर आपल्याच दादाचा खुनी निघाला.

आत्या, मी रागात आहे, पण विचार करून लिहितेय. त्याचं नाव मी घेणार नाही. पण जे त्याने केलं ते लाखो लोक बघतील. दादासाठी कोणीच काही केलं नाही, आपण निदान एवढं करू. तुझा शब्द असल्याशिवाय मी लिहिणार नाही. तू फक्त ‘हो’ म्हण.

उत्कर्षा


भुसावळ
११ डिसेंबर

उत्कर्षा,

हो. धुकं होतं. तुम्ही दोघं भिंतीच्या खिंडारातून रूळ ओलांडून शाळेत चालला होतात. तो मागे धावला. माझं पोरगं पळालं आणि गेलं.

झालं समाधान? आता मला पुन्हा काही विचारू नकोस.

प्रभावती


विद्याधर नगर, जयपूर
८ जानेवारी २०२६

आत्या,

तू पुन्हा विचारू नकोस म्हणालीस, पण आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

वीस तारखेला आमची झलक आली. दीड मिनिटाची. धुकं, भिंतीतलं खिंडार, पळणारा मुलगा, मागे हातोडा घेऊन अंकल, आणि खाली अक्षरं, ‘तो खरा होता’. ती अक्षरं पवनजींनी घातली, पण मी हरकत घेतली नाही. आठ दिवसांत वीस लाख लोकांनी बघितलं. त्यात आपल्या कॉलनीतले होतेच. कोणीतरी खाली नाव लिहिलं. कोणीतरी रेल्वेच्या कुठल्या तरी निरोप समारंभाचा फोटो टाकला.

शेषराव वाकोडे मेलेले नाहीत. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इथेच, दुर्गापुऱ्यात, आमच्या ऑफिसपासून गाडीवर पाऊण तासावर मुलीकडे राहतात.

काल ती मुलगी आमच्या ऑफिसात आली. गौतमी. शेतीच्या संशोधन केंद्रात प्रयोगशाळेत काम करते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, आधी पाणी प्यायली आणि मोबाइलवर मला त्यांचं फाटक दाखवलं. कॉलेजची पोरं फाटकावर हातोड्या आपटतायत, “अंकल, थांब, थांब” ओरडतायत आणि हसत स्वतःचं शूटिंग करतायत. दिवसभर हेच चालतं. तिच्या वडिलांनी बारा दिवस झाले दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. ते तिला म्हणतात, “वाजवू दे त्यांना. पोरं आहेत.”

मग तिने मला मराठीत विचारलं, “माझे बाबा त्या मुलाच्या मागे लागले होते, हे तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “माझ्या आत्याने. त्या मुलाच्या आईने.”

तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला. नंतर म्हणाली, “माझ्या आईने जाताना मला एक गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी बाबा तुझ्या आत्याच्या दारात गेले आणि त्यांनी तिला एक प्रश्न विचारला. तो काय होता, ते तुझ्या आत्यालाच विचार.”

म्हणून विचारतेय. काय विचारलं होतं त्यांनी?

पवनजी म्हणतात, खरं असेल तर माफी कसली मागायची? कॉलनीतले वीस जण एकच सांगतात. त्या मुलाच्या आईने स्वतः वेगळं लिहून दिलं तरच ते झलक काढतील आणि खुलासा टाकतील. नाहीतर नाही. म्हणजे सगळं तुझ्या पत्रावर आहे. जे असेल ते लिही.

उत्कर्षा


विद्याधर नगर, जयपूर
१९ जानेवारी

आत्या,

अकरा दिवस झाले. इंदुबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या पत्र तुझ्या हातात दिलंय.

परवा कोणीतरी दगड मारला. त्यांच्या खिडकीची काच फुटली. घरमालकाने गौतमीला पंधरा फेब्रुवारीपर्यंत घर सोडायला सांगितलंय. त्याच्याही दारात गर्दी होते, त्याचं तरी काय चुकलं? दुसरीकडे घर बघायला ती गेली, तर त्या बाईने शेषरावांचा फोटो आधीच बघितलेला होता.

मी माझ्या पानावर लिहिलं की हे थांबवा. त्यावर चार हजार लोक हसले.

लिही, आत्या. दोन ओळी लिही. पण लिही.

उत्कर्षा


भुसावळ
२३ जानेवारी

उत्कर्षा,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. काका बाजारात गेलेत. ते येईपर्यंत लिहून व्हायला हवं.

संकल्प जेवायचा नाही. तू बघितलंयस, पण तुला काय आठवणार. एकेका घासाला अर्धा तास. हडकुळा होता, डॉक्टर मलाच बोलायचा, काका मलाच बोलायचे. मी थकून जायची. शेषराव समोरच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे, बायको-पोरगी गावाला. उंच माणूस, खांद्यावर हातोडा, बोलायचे कमी. एक दिवस ते खिडकीसमोरून जात असताना मी सहज म्हटलं, “बघ, शेषराव आला. जे पोरगं जेवत नाही त्याला पिशवीत घालून नेतो.” संकल्पने आ केला. सबंध भाकरी संपवली त्या दिवशी.

मग काय, मला औषधच सापडलं. दोन वर्षं ते दिलं मी, सकाळ-संध्याकाळ. बाकीच्या बायकांनी ऐकलं आणि त्यांनीही सुरू केलं. कॉलनीतल्या पोरांना त्या माणसाची भीती कोणी घातली? मी घातली. अकरा जानेवारीला त्या धुक्यात शेषरावांना मालगाडी येताना ऐकू आली. त्यांनी तुम्हाला दोघांना रुळांमध्ये बघितलं. ते “थांब, थांब” ओरडत तुम्हाला धरायला धावले. तुझा बूट खडीत अडकला होता, तू उभी राहिलीस, म्हणून वाचलीस. संकल्पने वळून बघितलं तर शेषराव. त्याच्या मागे शेषराव! तो दुसऱ्या रुळावर पळाला. गाडी त्याच रुळावरून आली.

तुला कडेवर घेऊन तेच माझ्या दारात आले. तुझा एक बूट त्यांच्या हातात होता. त्यांनी मला विचारलं, “बाई, मी थांब म्हणत होतो. पोरगं मला बघून का पळालं?”

हा तो प्रश्न.

मला उत्तर माहीत होतं. मी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बायका जमल्या, कोणीतरी म्हणालं तो मागे धावत होता, मी बघितलं. मी गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीने बघितलेलं होतं. शेषराव कोणालाच काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी बदली मागून गेले. पुढे आम्हीही इकडे आलो.

तुझे काका या सव्वीस वर्षांत एकाच गोष्टीवर उभे आहेत, की आपलं पोरगं त्या माणसाने मारलं. दर अकरा जानेवारीला वंदना झाली की ते शेषरावला शिव्या देतात, आणि मी शेजारी मेणबत्ती धरून उभी असते. त्यांना आता काय सांगू? की ज्याला शोधताय तो माणूस रोज तुम्हाला वाढतो?

मी तुला खरं सांगितलं कारण तू विचारलंस आणि मला एकटीला आता हे पेलत नाही. पण हे कुणाला दाखवू नकोस, गं. वाचून जाळ. या वयात माझं घर मोडू नकोस. शेषरावांसाठी दुसरं काही करता येईल ते कर.

तुझी
आत्या


विद्याधर नगर, जयपूर
३० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र कोणालाही दाखवलेलं नाही. जाळलंही नाही.

काल दुर्गापुऱ्याला गेले होते. फाटकाशी दोन पोरं होती. एकाने मला ओळखलं, गेममुळे, आणि माझ्याबरोबर फोटो मागितला. मी त्याच्या थोबाडीत मारली असती, पण हात उचलायचा मला तरी काय हक्क होता.

शेषराव आत खाटेवर बसले होते. आता उंच वाटत नाहीत. मी नाव सांगितलं. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. म्हणाले, “तूच ती थांबलेली ना? तुझी मला फार आठवण यायची. एक तरी माझं ऐकून थांबली, असं मी मनाला सांगायचो.”

आत्या, माझ्या गेममध्ये जो थांबतो तो मरतो. हा नियम मी लिहिला. सहा वर्षांची असताना मी थांबले म्हणून आज जिवंत आहे, आणि मी वीस लाख लोकांना शिकवलं की ह्या माणसाने थांब म्हटलं की पळा. मी तिथे खूप रडले. ते गौतमीला म्हणाले, “हिला चहा दे.”

मी त्यांना म्हटलं, तुम्ही तेव्हा कोणाला काहीच का सांगितलं नाही? त्यांनी आधी गौतमीकडे बघितलं. गौतमी स्वयंपाकघरात गेल्यावर तुझा पत्ता मागितला. मी इंदुबाईंचा दिला आणि सांगितलं की भगवानकाकांच्या हाती पडू देऊ नका. त्यांनी तिथेच बसून लिहिलं, तास लागला, आणि पाकीट डिंकाने चिकटवून माझ्याकडे दिलं. ते सोबत पाठवतेय. मी उघडलेलं नाही.

मी पवनजींना सांगितलंय की दुसरा भाग मी लिहिणार नाही. ते म्हणाले, दुसरं कोणीतरी लिहील. खरंय ते. अंकल आता माझा राहिलेला नाही. त्याला फक्त तूच थांबवू शकतेस. घर सोडायला त्यांना सोळा दिवस उरलेत. मी तुला काही सांगणार नाही, आत्या. फक्त दिवस सांगितले.

तुझी
उत्कर्षा


दुर्गापुरा, जयपूर
२९ जानेवारी २०२६

प्रभावतीबाई यांस,

शेषराव वाकोडेचा जयभीम. माझं शिक्षण सातवी, त्यात हात कापतो. समजून घ्या.

पोरगी इथे आलीय. तुमच्या पत्राचं ती काही बोलली नाही, पण तिच्या तोंडावरून मी समजलो की तुम्ही तिला लिहिलंय. काय लिहिलं असेल त्याचा अंदाज आहे. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं असणार. म्हणून हे लिहितो.

बाई, तुम्ही पोराला माझं नाव सांगता हे मला पहिल्या आठवड्यातच माहीत झालं होतं. खिडकी उघडी असायची. मला राग नाही आला. उलट बरं वाटलं. घरात बायको नाही, लेक नाही, दिवसभर रूळ आणि मी. कुणाच्या तरी घरात जेवताना माझं नाव निघतं, हेच मला पुष्कळ होतं. एक दिवस ड्यूटीवरून येताना तुम्ही खिडकीतून मला खूण केली. मी हातोडा तुमच्या दाराच्या चौकटीवर वाजवला आणि आवाज जाड करून बोललो, कोण जेवत नाही रे? तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. पोरगं मुकाट जेवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खूण केली नव्हती. तरी मी वाजवलं.

मग मी रोज वाजवायला लागलो. कधी पिशवीपण दाखवायचो, चाव्या ठेवायची, तीच. तुम्ही एकदा म्हणालात, राहू द्या आता, तो झोपेत दचकतो. मी म्हटलं, अहो लहान आहे, विसरेल. मला त्यात मजा वाटत होती. हे मी आजवर कोणाला बोललो नाही.

तेव्हा त्या दिवशी पोरगं वळून बघून पळालं तर का पळालं, ते मला तिथेच, रुळावरच कळलं. तुम्हाला विचारलं ते यासाठी की तुम्ही म्हणाल, तुमच्यामुळे पळालं, आणि मी म्हणेन, होय. तुम्ही दार लावलंत. मला सुटल्यासारखं झालं. लोक म्हणायला लागले की हा मागे धावला, तर मी म्हटलं म्हणू दे. जे खरं आहे त्यापेक्षा ते हलकं होतं.

आता दोन गोष्टी. एक, माझ्यासाठी तुम्ही काही लिहून देऊ नका. माझं वय झालं, मी गावाला निघून जाईन. भगवानरावांना या वयात दुखवू नका. दोन, हे हातोड्याचं माझ्या गौतमीला कधी कळू देऊ नका. बापाने काही केलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती सगळ्यांशी भांडते आहे. तिची ही गोष्ट राहू द्या.

चूकभूल माफ करावी.

शेषराव


भुसावळ
६ फेब्रुवारी

चि. उत्कर्षा,

हे पत्र मी घरातल्या टेबलावर बसून लिहितेय. इंदुबाईंच्या पत्त्याची आता गरज नाही.

परवा मी तुझ्या काकांना सांगितलं. कानात यंत्र घातलं, समोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. मधे ते एकदाच बोलले. विचारलं, “रोज?” मी म्हटलं, रोज. संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचा संकल्पचा फोटो काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि मलकापूरला भावाकडे गेले. कधी येणार विचारलं नाही मी. येतील की नाही मला माहीत नाही. भीती वाटते, उत्कर्षा. घरात भांडं वाजलं तरी दचकते. पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी खरं बोलले, आणि ते बोलताना माझा आवाज कापला नाही याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

शेषरावांच्या पत्रात काय होतं ते मला विचारू नकोस. गौतमीने विचारलं तर सांग, म्हाताऱ्या माणसाने म्हातारीची खुशाली विचारली होती.

सोबतचा कागद तुझ्या पवनजींना दे. आहे तसा छापायचा, एक अक्षर इकडचं तिकडे नको. ‘एक दुःखी आई’ वगैरे लिहिशील तर याद राख. माझं नाव पूर्ण टाक. गावासकट. त्यांचं नाव सगळ्यांनी वाचलंय, आता माझं वाचू दे. आमच्या दारात पोरं आली तर मी बघून घेईन, मला तसंही ऐकू येत नाही.

तुझी
आत्या

सोबत:

मी, प्रभावती भगवान तायडे, वय एकाहत्तर, राहणार भुसावळ, लिहून देते की ११ जानेवारी २००० रोजी श्री. शेषराव वाकोडे माझ्या मुलाला, संकल्पला, येणाऱ्या गाडीपासून वाचवण्यासाठी धावले. त्याच वेळी त्यांनी माझ्या भाचीचा जीव वाचवला. माझा मुलगा त्यांना भिऊन पळाला. श्री. वाकोडे यांनी त्याला किंवा कॉलनीतल्या कोणत्याही मुलाला कधीही भीती दाखवलेली नाही. ती भीती त्याला मी घातली, त्याच्या प्रत्येक घासाबरोबर घातली, आणि एकटीने घातली.